वसईचे बावखल आणि काटकसरीचा संसार

काटकसर हा शब्द उच्चारला की शहरातील सुशिक्षित कुटुंबासमोर बहुधा जमाखर्चाची वही उभी राहते. महिन्याची प्राप्ती एका बाजूस, वाणी, दूधवाला आणि शाळेची फी दुसऱ्या बाजूस. आणि दोन्हींचा मेळ घालताना गृहिणीच्या कपाळावर पडणारी आठी. ही काटकसर खरी, परंतु ती पैशाची काटकसर होय. तिच्याहून जुनी अशी एक काटकसर आहे. तीत नाण्यांची उलाढाल थोडी आणि वस्तूंची फार. घरात आलेली वस्तू पूर्ण उपयोगी पडल्यावाचून बाहेर जाऊ नये, आणि बाहेर गेलीच तर मातीत जाऊन पुन्हा अन्नाच्या रूपाने परत यावी, हा तिचा नियम. मुंबईच्या उत्तरेस, उल्हास नदी जेथे वसईच्या खाडीच्या रूपाने समुद्रास मिळते तेथपासून विरार, आगाशी आणि अर्नाळ्यापर्यंत पसरलेल्या किनारपट्टीवर हा नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. तो कसा चालला आणि कशामुळे मोडत गेला, हा इतिहास आजच्या कुटुंबांनी जाणून घेण्यासारखा आहे.

वसईचे नाव निघाले की इतिहासाचा अभ्यासक किल्ल्याकडे वळतो. १५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने हा प्रदेश पोर्तुगीजांस दिला. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या सैन्याने तो जिंकून घेतला. १८०२ च्या अखेरच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी येथेच तह केला आणि मराठी राज्याच्या स्वातंत्र्यावर पाणी सोडले. या घडामोडी सर्वांच्या परिचयाच्या आहेत. परंतु किल्ल्यावरील निशाणे बदलत असता तटाबाहेरच्या वाड्यांतील रहाट फिरतच होते. सामवेदी, वाडवळ, भंडारी, आगरी, कोळी, ख्रिस्ती आणि हिंदू अशा अनेक समाजांच्या घरांनी त्या वाड्या राखल्या. पपई, पेरू, अननस आणि मिरची ही मूळची अमेरिका खंडातील पिके पोर्तुगीजांच्या जहाजांतून हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यास आली आणि पुढे जणू इथलीच होऊन गेली. राज्ये गेली, झाडे राहिली.

या वाड्यांचा प्राण म्हणजे बावखल. बावखल म्हणजे वाडीच्या मध्यभागी किंवा कडेला खोदलेले मोठे डबके असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. परंतु ते पाहणे अपुरे आहे. वसईत वर्षाकाठी सुमारे ८० इंच पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडून जातो. उरलेले आठ महिने किनाऱ्याच्या वालुकामय जमिनीखाली दोन पाण्यांची झुंज चालू असते. एक पावसाचे मुरलेले गोडे पाणी, आणि दुसरे समुद्राकडून आत सरकू पाहणारे खारे पाणी. खारे पाणी जड असल्यामुळे गोडे पाणी त्यावर तरंगत राहते. या तरंगण्याचा एक निश्चित हिशेब आहे. भूगर्भातील गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या पातळीहून एक हात उंच असेल, तर त्याखाली सुमारे चाळीस हात खोलीपर्यंत गोडे पाणी टिकते. उलट वरची पातळी एक हात खाली गेली, की खालचे खारे पाणी कालांतराने चाळीस हात वर चढते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या प्रारंभी युरोपातील दोन शास्त्रज्ञांनी, घायबेन आणि हर्झबर्ग यांनी, हा नियम मांडला. वसईच्या बागायतदाराने त्यांची नावे ऐकली नव्हती. तथापि पावसाचे पाणी बावखलात अडवावे, ते सावकाश मुरू द्यावे आणि विहिरींची पातळी उंच राखावी, हे त्याच्या आजोबांनी त्याला शिकविले होते.

बावखलावर अथवा विहिरीवर रहाट बसविलेला असे. बैल किंवा रेडा गोल फिरे, माळेतील गाडगी एकामागून एक भरून वर येत आणि पाण्याची धार पाटातून झाडांच्या आळ्यांकडे जाई. या यंत्राची गती मंद होती, आणि तिच्यातच त्याचा मोठा गुण होता. दिवसभरात जनावर जेवढे पाणी ओढू शके त्याहून अधिक पाणी जमिनीतून काढणे शक्यच नव्हते. रात्री रहाट थांबला की विहीर पुन्हा भरून येई. अनेक बावखले सामाईक मालकीची असत. पाणी कोणाच्या मालकीचे, यापेक्षा आज पाळी कोणाची, या प्रश्नास तेथे अधिक महत्त्व होते. शेजाऱ्याच्या आळ्यातले पाणी आटले तर आपल्याही विहिरीचे पाणी मचूळ होईल, हे ठाऊक असलेल्या माणसास उधळपट्टी परवडत नाही.

या पाण्यावर केळी, नारळ, पानवेली, भाजीपाला आणि फुले होत. त्यांतील एकट्या केळीचाच हिशेब घ्यावा. कच्ची केळी भाजीला, पिकलेली खाण्याला व विकण्याला, केळफुलाची भाजी निराळी, खोडाच्या आतल्या कोवळ्या गाभ्याची निराळी. पान ताटाच्या जागी. जेवण झाले की ते गुरांपुढे किंवा खताच्या खड्ड्यात. सोपाच्या वाळलेल्या पट्ट्यांची दोरी, तिने फुलांच्या आणि भाजीच्या जुड्या बांधावयाच्या. घड उतरल्यावर तोडलेले खोड तेथेच कुजून पुढच्या पिलाचे अन्न होई. नारळाचीही तीच कथा. झावळ्यांचे झाप छपरास आणि कुडास, हिरांची केरसुणी, सोडणाचा काथ्या, करवंटीचा डाव, आणि ज्याचे काहीच करता येत नाही ते चुलीत. चुलीची राख भांडी घासण्यास जाई व तेथून पुन्हा झाडाच्या बुंध्याशी. अशा घरात केरकचरा हा शब्द होता, परंतु त्याचा अर्थ उंबऱ्यापासून परसापर्यंत झाडून नेण्याची धूळ एवढाच होता.

उन्हाचाही असाच संचय होई. वसईकडची सुकेळी सर्व महाराष्ट्रास ठाऊक आहेत. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या सरकारी गॅझेटिअरातही आगाशीच्या सुकविलेल्या केळ्यांची वाखाणणी आढळते. राजेळी जातीची पिकलेली केळी सोलून कित्येक दिवस उन्हात वाळवावयाची, दंव लागू नये म्हणून रात्री झाकून ठेवावयाची, आणि अखेर केळीच्याच सुक्या पानात गुंडाळून केळीच्याच सोपाने बांधावयाची. या पदार्थात साखर नाही, तेल नाही, सरपण नाही, विकतचे वेष्टन नाही. दोन दिवसांत सडून जाणारे फळ कित्येक महिने टिकते आणि मुलांच्या हाती खाऊ म्हणून पडते. तिकडे अर्नाळ्याच्या आणि पाचूबंदरच्या कोळीवाड्यांत बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत असत. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यास लागल्या म्हणजे नारळी पौर्णिमेपर्यंत ताजी मासळी दुर्मिळ. म्हणून सुकी मासळी, मीठ, चिंच, मसाला, लाकूडफाटा यांची आगोटीपूर्वी बेगमी करावयाची. ऋतूकडे पाहून संसार आखणे हे त्या गृहिणींचे अंदाजपत्रक होते.

मुले या कारभाराच्या बाहेर नसत. केळी वाळत घातली की कावळ्यांवर नजर ठेवणे, परसातील शेवग्याच्या शेंगा काढणे, फुले वेचणे, आळ्यातून पाणी दुसरीकडे वळविणे, ही कामे त्यांच्या वाट्यास सहज येत. पाणी वाया घालवू नये हा उपदेश त्यांना करावा लागत नसे. फुटलेल्या पाटातून वाहून गेलेले पाणी म्हणजे रेड्याचे किती फेरे फुकट गेले, हे त्यांना डोळ्यांनी दिसत असे. वस्तूमागचे श्रम पाहिलेले मूल वस्तू टाकून देताना थबकते. शहरात नळ फिरविताच पाणी आणि दुकानात पैसा टाकताच फळ मिळत असल्यामुळे मुलाला हे श्रम दिसेनासे होतात, आणि मग उपदेशाची संख्या वाढते.

हे सर्व वर्णन म्हणजे सुवर्णयुगाचे चित्र नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. त्या संसारात कष्ट अतोनात होते आणि त्यांतील मोठा वाटा स्त्रियांच्या डोक्यावर होता. टोपलीच्या रूपाने तो अक्षरशः डोक्यावर होता. १८६४ साली आगगाडी मुंबईस जाऊन भिडली आणि १८६७ साली विरारहून मुंबईच्या बॅक बे स्थानकापर्यंत रोजची गाडी सुरू झाली. १९३६ साली विजेची गाडी विरारपर्यंत आली. भाजी, फुले, दूध, पाने आणि मासळी घेऊन पहाटेच्या अंधारात निघणाऱ्या बायांनी मुंबईची अर्धी सकाळ भागविली असे म्हटल्यास अतिशयोक्ती थोडीच होईल. मुलांच्या शाळेस, औषधपाण्यास आणि लग्नकार्यास लागणारा रोख पैसा या टोपल्यांतून आला. काटकसरीच्या घरास पैसा नको असतो असे नाही. त्याला पैसा थोडक्या ठिकाणी आणि महत्त्वाच्या कामी लागतो, एवढाच भेद.

मग हा क्रम मोडला कशाने? पहिला बदल उपकाराच्या रूपाने आला. रहाटाच्या जागी तेलावरचे आणि पुढे विजेचे पंप बसले. जनावर राखण्याचा त्रास वाचला, दिवसाचे काम घटकेत होऊ लागले. परंतु रहाटाने घातलेली मर्यादाही त्याबरोबर गेली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आगगाडीच्या दोन्ही अंगांस नव्या इमारती उठल्या. त्यांना नळाचे पाणी पुरेसे नव्हते, म्हणून बागायतीतील विहिरींचे पाणी टँकरमध्ये भरून विकले जाऊ लागले. जे पाणी पूर्वी आळ्यात पडून पुन्हा त्याच जमिनीत मुरत असे, ते आता गावाबाहेर जाऊ लागले. गोड्या पाण्याची पातळी उतरली तशा कित्येक विहिरी खाऱ्या झाल्या. वाडी परवडेना तेव्हा जमिनीस गिऱ्हाईक तयारच होते. रहाट थांबल्यावर बावखल निरुपयोगी वाटू लागले. कोणी त्यात कचरा टाकला, कोणी भराव घालून वर घर बांधले.

या क्रमास विरोध झाला नाही असे नाही. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक आणि पुढे २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे तिचे एक प्रमुख नेते होते. पाणी, शेती आणि हिरवा पट्टा वाचविण्यासाठी निरनिराळ्या धर्मांची माणसे येथे एकत्र आली. पुढे २००९ साली वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत तिच्या हद्दीत बारा लाखांहून अधिक वस्ती नोंदली गेली. २०१४ साली पालघर जिल्हा निराळा झाला. २०१८ च्या जुलैत अतिवृष्टीने वसई-विरार जलमय झाले आणि आगगाड्या बंद पडल्या. त्यामागे कारणे अनेक होती. तथापि पाणी साठण्याच्या जागा बुजविल्या म्हणजे पाणी घरात शिरते, एवढे कळण्यास तज्ज्ञ लागत नाही. आषाढात पूर आणि वैशाखात टँकर, हे एकाच चुकीचे दोन मासिक हप्ते आहेत.

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष शहरी कुटुंबास थोडा अडचणीत टाकणारा आहे. एकेका घराने केलेली काटकसर स्तुत्य खरी, पण ती एकटी फार काळ टिकत नाही. वसईच्या वाडीतील गृहिणी काटकसरी होती, कारण तिच्या परसामागे बावखल होते, बावखलावर पाळी होती आणि पाळी मानणारे शेजारी होते. बावखल बुजले तेव्हा त्याच घरातील त्याच सुगृहिणीस पाणी विकत घेणे भाग पडले. तिच्या हातची काटकसर तसूभरही कमी झाली नव्हती.

म्हणून आजच्या घराने दोन वह्या ठेवाव्यात. एक घरातली. तीत भाजीची देठे कुंडीत गेली की नाही आणि मुलांनी आपला वाटा उचलला की नाही याची नोंद असावी. दुसरी वही सर्व बिऱ्हाडांची. पाचशे चौरस फुटांच्या छपरावर वसईचा ८० इंच पाऊस पडला तर सुमारे ९५ हजार लिटर पाणी होते. त्यातील पंधरा-वीस हजार वाया गेले असे धरले, तरी माणशी रोज १३५ लिटर या शहरी मापाने पाच माणसांच्या कुटुंबास ते जवळजवळ चार महिने पुरेल. ते गटारात जाते की जमिनीत, हे एका बिऱ्हाडाने ठरत नाही. चाळीने, सोसायटीने, गावाने मिळून ठरवावे लागते. वसईत अद्याप काही बावखले भरलेली आहेत. पावसाळ्याच्या अखेरीस मुलांना घेऊन ती अवश्य पाहावीत, आणि त्यांच्या काठावर उभे राहून मुलांना एवढेच विचारावे, की आता पाळी कोणाची?