शिकागो १९९५ : एसी होता, पण कुणाकडे?

आज जायचंय शिकागोला, जुलै १९९५ मध्ये. तिथल्या सरकारी शवागारात साधारण २२० मृतदेह ठेवायची सोय होती. दोन दिवसांत ती संपली. मग मांस वाहून नेणारे रेफ्रिजरेटेड ट्रक आणून आवारात उभे केले, आणि पोलिसांच्या गाड्या रांगेत थांबल्या.

१३ जुलैला तापमान गेलं ४१ अंशांवर. आता आपला चंद्रपूर-नागपूरवाला श्रोता म्हणेल, हॅ, एवढंच? पण हवेत दमटपणा इतका की अंगाला ते पन्नासच्या वर भासत होतं. त्यात शिकागोच्या विटांच्या इमारती दिवसभर तापायच्या आणि रात्रीही गार व्हायच्या नाहीत. शरीराला रात्रीची सुट्टीच मिळाली नाही. नेहमीपेक्षा ७३९ माणसं जास्त मेली.

बरं, हे कुठे? अमेरिकेत! १९०२ साली विलिस कॅरिअरने जिथे आधुनिक एसी बनवला त्या देशात. (तोही माणसांसाठी नाही हं, ब्रुकलिनच्या एका छापखान्यात कागद दमट हवेने फुगू नये म्हणून.) नव्वद वर्षांनी मशीन घरोघरी पोचलं होतं, पण सगळ्या घरी नाही. काहींकडे मशीन होतं, पण बिलाच्या धास्तीने ते बंद. त्यातच हजारो घरांची वीज गेली. मुलांनी रस्त्यावरचे फायर हायड्रंट फोडून पाण्यात खेळायला सुरुवात केली, तर काही भागांत नळाचं प्रेशरच गेलं. नंतर अमेरिकी सरकारच्या आरोग्य संशोधकांनी हिशेब मांडला : प्रत्येक घरात चालू एसी असता तर निम्म्याहून जास्त मृत्यू टळले असते.

पण मग खिडकी उघडायची की! इथेच खरी गोष्ट सुरू होते. मेलेल्यांत कित्येक जण म्हातारे, एकटे राहणारे. चोरांच्या भीतीने दारं-खिडक्या घट्ट लावलेल्या, काहींच्या तर खिळे ठोकून बंद.

महापौर रिचर्ड डेली यांना मात्र आकडाच पटेना. उन्हाळ्यात मेलेला प्रत्येक माणूस उष्म्याचाच बळी धरायचा का, असा त्यांचा सूर. पण मुख्य वैद्यकीय तपासनीस एडमंड डोनह्यू आपल्या निकषांवर ठाम राहिले, आणि पुढे तेच बरोबर ठरले. माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यात खमका माणूस हाच.

एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने नंतर दोन शेजारी वस्त्या तपासल्या. दोन्ही गरीब, दोन्हीकडे एकटे म्हातारे जवळपास सारखेच. नॉर्थ लॉन्डेलमध्ये लाखामागे ४० मृत्यू, आणि रस्त्यापलीकडच्या लिटल व्हिलेजमध्ये चारपेक्षा कमी! दहापट फरक. नॉर्थ लॉन्डेल ही काळ्या लोकांची वस्ती. कारखाने बंद पडले, माणसं निघून गेली, दुकानं गेली, उरले ओसाड प्लॉट. म्हातारा बाहेर पडून जाणार कुठे? लिटल व्हिलेज मेक्सिकन लोकांचं, २६व्या रस्त्यावर दिवसभर वर्दळ. आजी भाजी आणायला निघायची, दुकानातल्या गारव्यात बसायची, आणि दिसली नाही तर कुणीतरी विचारायचं. तिथले जुने, एकटे गोरे म्हातारेसुद्धा त्यामुळे वाचले.

१९९९ मध्ये पुन्हा तशीच लाट आली. या वेळी शहराने गार हॉल उघडले, तिथवर फुकट बस सोडल्या, आणि एकट्या वृद्धांच्या दारावर पोलीस आणि कर्मचारी पाठवले. मृत्यू ११० च्या आसपास.

आणि १९९५ च्या बळींपैकी कित्येकांवर कुणी हक्कच सांगायला आलं नाही. त्यांना ऑगस्टमध्ये शहराबाहेर होमवूडच्या दफनभूमीत, एका लांबलचक सामायिक खड्ड्यात पुरलं.