फाईलनिर्मितीचा वेग आणि बहुथ्रेडी फाईल प्रणाली : एक ऐतिहासिक मागोवा

संगणकावर नवी फाईल निर्माण करणे ही वापरणाऱ्याच्या दृष्टीने एकच क्रिया असली, तरी फाईल प्रणालीच्या दृष्टीने ती अनेक नोंदींची साखळी असते. रिकामा आयनोड शोधून तो वापरात आल्याची खूण करावी लागते, डिरेक्टरीत नाव लिहावे लागते आणि डिरेक्टरीच्या स्वतःच्या आयनोडमध्येही बदल करावा लागतो. मजकुराचा प्रश्न त्यानंतरचा. या नोंदी कोणत्या क्रमाने आणि कोणाच्या कुलपाखाली व्हाव्यात, या प्रश्नाला वेळोवेळी मिळालेल्या उत्तरांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१९८३ साली ४.२ बीएसडी युनिक्समध्ये मॅक्युसिक, जॉय, लेफलर व फॅब्री यांची 'फास्ट फाईल सिस्टिम' आली. मोठ्या फाईलींच्या बाबतीत तिने डिस्कच्या क्षमतेच्या ४७ टक्क्यांपर्यंत मजल मारली. नव्या फाईलींचे मात्र तसे नव्हते. यंत्र मध्येच बंद पडले तर डिरेक्टरीतील नाव अर्धवट आयनोडकडे बोट दाखवील, या भीतीने आयनोड प्रथम डिस्कवर पोहोचेपर्यंत प्रणाली थांबून राही. एका लहान फाईलच्या निर्मितीस डिस्कच्या किमान पाच स्वतंत्र फेऱ्या लागतात, असे रोझेनब्लम व ऑस्टरहाउट यांनी १९९१ साली मांडले. प्रोसेसर दरवर्षी वेगवान होत होते. डिस्कचा यांत्रिक हात मात्र जवळपास तेथेच होता.

या कोंडीवर दोन मार्ग निघाले. गँगर व पॅट यांनी १९९४ साली 'सॉफ्ट अपडेट्स' मांडले. त्यात नोंदी स्मृतीतच ठेवून त्यांचे परस्परावलंबन तेवढे पाळले जाते. दुसरा मार्ग जर्नलचा, म्हणजे आधी रोजकीर्द आणि मग खतावणी. व्यवहारात हाच मार्ग अधिक रूढ झाला.

अनेक थ्रेडांचा प्रश्न खऱ्या अर्थाने पुढे आला तो सिलिकॉन ग्राफिक्सच्या एक्सएफएसमध्ये. १९९४ साली आयरिक्स ५.३ बरोबर आलेल्या या प्रणालीत डिस्कचे 'अलोकेशन ग्रुप' पाडले गेले. प्रत्येक गटाला आयनोडांचा व मोकळ्या जागेचा स्वतंत्र हिशोब असल्याने एक थ्रेड एका गटात काम करीत असता दुसऱ्याला थांबावे लागत नसे. परंतु गट अनेक असले तरी जर्नल एकच होते. ग्रंथालयात दहा लिपिक नेमावेत आणि दाखल नोंदवही मात्र एकच असावी, तसा हा प्रकार. त्यात भर म्हणजे एकाच डिरेक्टरीत हजार फाईली झाल्या की तिचा तोच खंड जर्नलमध्ये पुन्हा पुन्हा लिहिला जाई. डेव्ह चिनर यांच्या 'डिलेड लॉगिंग'ने हे बदल स्मृतीत एकत्र करून जर्नलकडे एकदाच पाठविण्याची सोय केली. २०१० साली लिनक्स २.६.३५ मध्ये ती प्रायोगिक स्वरूपात आली आणि २०११ साली २.६.३९ मध्ये नित्याची झाली. कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. ईएक्सटी३ मध्ये बदल असेच एकत्र बांधले जात. येथे वेगाची किंमत उघड आहे. वीज गेल्यास शेवटचे काही व्यवहार हरवू शकतात, पण प्रणालीची सुसंगती टिकते. ज्या प्रोग्रामला खात्री हवी, त्याने 'एफसिंक'द्वारे ती स्वतः मागून घ्यावयाची. जबाबदारीचे हे स्थलांतर वेगाच्या आकड्यांइतकेच महत्त्वाचे मानले पाहिजे.

एक अडथळा मात्र शिल्लक राहिला. वेगाच्या चाचण्यांत बहुधा प्रत्येक थ्रेडला स्वतंत्र डिरेक्टरी दिली जाते, आणि त्यामुळे आकडे देखणे दिसतात. सर्व थ्रेड एकाच डिरेक्टरीत उतरले की तिचे एकच कुलूप सर्वांना रांगेत उभे करते. २०१६ साली लिनक्स ४.७ मध्ये अल विरो यांच्या बदलांमुळे एका डिरेक्टरीत नावांचा शोध समांतर होऊ लागला, तथापि नवे नाव लिहिणाऱ्यास त्या आवृत्तीतही कुलूप एकट्यानेच घ्यावे लागे.

कार्नेगी मेलन विद्यापीठातील पाटील व गिब्सन यांनी २०११ साली 'गिगा प्लस'मध्ये डिरेक्टरीच अनेक सर्व्हरांवर विभागली आणि ३२ सर्व्हरांवर सेकंदाला ९८,००० हून अधिक फाईलींची निर्मिती साधली. त्यात वापरणाऱ्या यंत्राजवळील विभागणीचा नकाशा जुना असू शकतो. चुकीच्या सर्व्हरकडे गेलेली विनंती तो सर्व्हर दुरुस्त माहितीसह परत धाडतो. सर्वांचे नकाशे एकाच क्षणी ताजे ठेवण्याचा आग्रह तेथे मुळातच सोडून देण्यात आला होता.