ठिणगीचा दोष: पॉइंटपासून ईसीयूपर्यंत

एकेकाळी मोटारसायकल बंद पडली की मेकॅनिक कॉन्टॅक्ट पॉइंट पॉलिश पेपरने घासत असे. दोष डोळ्यांना दिसे. २००३ मध्ये पुण्याच्या बजाज ऑटोने पल्सरला डीटीएस-आय तंत्र दिले. ठिणगीची वेळ मायक्रोप्रोसेसर ठरवू लागला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले. नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. ईसीयू स्वतःच दोषाचा कोड नोंदवू लागला.

मात्र कोड बिघडलेले सर्किट दाखवतो, बिघाडाचे कारण नव्हे. मीरा-भाईंदरसारख्या खाडी-मिठागरांच्या शहरात खाऱ्या, दमट हवेने कनेक्टर गंजतात, अर्थिंग कमजोर होते आणि खापर महागड्या ईसीयूवर फुटते. म्हणूनच आधी बॅटरीचे व्होल्टेज, फ्यूज आणि अर्थिंग मल्टिमीटरने तपासण्याची जुनी शिस्त आजही ग्राहकाचे पैसे वाचवते.