क्विंटिन्सहिलची नोंदवही

जुनें बाड हातीं आलें म्हणजे आपण प्रथम अक्षर पाहतों. एकच हात, खाडाखोड नाहीं, कीं नोंद विश्वसनीय मानण्याकडे मनाचा कल होतो. हा कल किती घातक ठरूं शकतो, हें दाखविणारी एक वही आम्ही वाचकांपुढें ठेवितों. ती दप्तरखान्यांतील नव्हे, रेल्वेच्या सिग्नल-केबिनमधील आहे.

स्कॉटलंडांत ग्रेट्नाजवळ क्विंटिन्सहिल येथें सकाळीं ६ वाजतां पाळी बदले. परंतु येणारा मनुष्य ६॥ च्या सुमारास लोकल गाडीनें यावयाचा, असा मीकिन व टिन्स्ली या दोघां सिग्नलवाल्यांचा आपसांतील संकेत होता. मधल्या नोंदी पहिला चिठोऱ्यावर टिपी. दुसरा त्या स्वहस्तें वहींत उतरवी. हेतु हा कीं, अक्षरावरून उशीर उघडकीस येऊं नये.

ता. २२ मे १९१५ रोजीं लूप मार्ग मालगाडीनें अडल्यामुळें मीकिननें तीच लोकल विरुद्ध दिशेच्या मुख्य रुळांवर उभी केली. टिन्स्ली तिनेंच आला, नक्कल करण्यास बसला, आणि ती गाडी विसरला. त्यानें सैनिकांच्या गाडीस मार्ग मोकळा दिला. ६-४९ च्या सुमारास टक्कर झाली. लागलीच दुसऱ्या बाजूनें एक्सप्रेस येऊन ढिगाऱ्यावर आदळली, व लांकडी डब्यांनीं गॅसच्या दिव्यांमुळें पेट घेतला. सुमारें २२६ माणसें दगावलीं. पलटणीचा हजेरीपटहि जळाला. म्हणून मृतांचा आंकडा पूर्णपणें निश्चित झाला नाहीं.

उभ्या गाडीचें स्मरण राहावें म्हणून सिग्नलच्या दांड्यावर कडें चढविण्याचा नियम होता. तें चढविलें नव्हतें. आठवण देण्यास आलेला लोकलचा फायरमन वहींत सही करून, कडें न पाहतांच परतला. सही झाली; सहीचें प्रयोजन साधलें नाहीं.

न्यायालयानें टिन्स्लीस ३ वर्षांची व मीकिनास १८ महिन्यांची शिक्षा दिली. दोष त्यांचा होताच. तथापि विस्मरण क्षणाचें, चिठोऱ्याची रीत मात्र आधींची. वही जुळली म्हणजे काम नीट झालें, असें जेथें मानलें जातें, तेथें वही जुळविणें हेंच काम होऊन बसतें.

दोन हातांचें एखादें पान वरिष्ठांच्या दृष्टीस वेळींच पडतें, तर ती रीत कदाचित् तेथेंच मोडली असती. म्हणून नितळ पान पाहून संतोष मानण्यापूर्वीं तें केव्हां लिहिलें, आणि कोणाच्या डोळ्यांसाठीं, हें विचारावें, अशी आमची विनंती आहे.