कुंडीतील वटवृक्ष

बोन्सायची कला चीनमध्ये जन्मली आणि जपानमध्ये तिला शास्त्राची शिस्त लाभली. १९२३ च्या भूकंपानंतर टोकियोतील काही बागवानांनी शहर सोडले आणि १९२५ मध्ये ओमिया येथे बोन्सायचे गावच वसविले. १९३४ मध्ये टोकियोत भरलेल्या प्रदर्शनाने या कलेला चित्र-शिल्पांच्या पंक्तीत बसविले. तिचे आदर्श मात्र थंड हवामानातले होते. पाइन, जुनिपर आणि मेपल हे वृक्ष बर्फाने वाकलेले, वाऱ्याने झिजलेले असत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला भारतात रुजू लागली, तेव्हा पहिला प्रश्न सौंदर्याचा नव्हता, हवामानाचा होता. ज्या झाडांना हिवाळ्याची दीर्घ विश्रांती लागते ती दख्खनच्या पठारावर जगावीत कशी?

या प्रश्नाला मिळालेले उत्तर दाराशीच उभे होते. वड, पिंपळ, उंबर, पायरी, नांदरूक ही सारी एकाच कुळातील झाडे. मुळे आखडली तरी ती तग धरतात, छाटणीनंतर जोमाने फुटतात, आणि दमट हवेत त्यांपैकी काहींना पारंब्याही सुटतात. एकमेकांना लगडलेली मुळे कालांतराने एकजीव होतात. मुंबईत ज्योती आणि निकुंज पारेख यांनी इंडो-जपानी असोसिएशनच्या बोन्साय अभ्यासगटाच्या द्वारे या कलेचा पाया घातला. म्हैसूरला गणपती सच्चिदानंद स्वामींच्या आश्रमात 'किष्किंधा मूलिका' हे बोन्साय उद्यान उभे राहिले.

बंगळूरची भूमी या कलेला विशेष अनुकूल ठरली. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील या नगरात उद्यानसंस्कृती जुनी आहे. हैदरअलीने १७६० मध्ये आरंभिलेल्या लालबागेची धुरा १९०८ मध्ये गुस्टाव्ह हेर्मान क्रुंबिगल या जर्मन वनस्पतितज्ज्ञाकडे आली. त्यापूर्वी तो सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात होता. म्हणजे मराठी राजवटीच्या आश्रयाखालीच त्याने भारतीय माती ओळखली. १९१२ मध्ये स्थापन झालेल्या म्हैसूर हॉर्टिकल्चरल सोसायटीने आणि काचघरात भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनांनी झाडाकडे रसिकतेने पाहणारा नागरिक घडविला. पुढे त्याच प्रदर्शनांत बोन्सायलाही स्थान मिळाले.

परंतु झाड बदलले म्हणजे कला बदलली असे नव्हे. वडाच्या रोपाला तारेने पाइनचा आकार देणे शक्य असते, आणि तसे पुष्कळांनी केलेही. खरी अग्रेसरता ज्यांनी दृष्टी बदलली त्यांची. जपानी संकेतानुसार खोड वर निमुळते होत जाते, फांद्या ठराविक अंतराने फुटतात. वड हा संकेत जुमानत नाही. तो उंचीपेक्षा विस्तार मानतो. बंगळूरजवळ रामोहळ्ळी येथील 'दोड्ड आलद मर' सुमारे तीन एकरांवर पसरला आहे. त्याचे मूळ खोड रोगाने नष्ट झाले, तरी पारंब्यांपासून झालेल्या खोडांवर तो उभाच आहे. ज्याला मध्य नाही असा वृक्ष पसरट कुंडीत कसा उतरवावा, हा प्रश्न जपानी ग्रंथांनी सोडविलेला नव्हता. तेथे गुरू रस्त्यावरचा वडच झाला.

दुसरी अडचण श्रद्धेची होती. आपल्या परंपरेत कृत्तिकेचा उंबर, पुष्याचा पिंपळ, मघेचा वड आणि उत्तरेची पायरी मानली जाते. अशा पूज्य वृक्षाला कात्री लावावी काय? याचे उत्तर जुन्या भिंतींनी दिले. भिंतीच्या फटीत उगवलेला पिंपळ राखला तर घर जाते आणि उपटला तर पाप लागते, ही पिढ्यान्पिढ्यांची कोंडी. ते रोप अलगद सोडवून कुंडीत लावणे ही हिंसा नव्हे, सुटका ठरली. आज सदनिकांत राहणाऱ्या अनेक स्त्रिया वटपौर्णिमेला फांदी तोडून आणण्याऐवजी कुंडीतल्या वडालाच सूत गुंडाळतात.

तथापि या कलेची मर्यादा तिच्या उपासकांनीच ओळखली पाहिजे. छांदोग्य उपनिषदात श्वेतकेतू वडाचे बी फोडतो आणि त्याला आत काहीच दिसत नाही. त्या अदृश्यातूनच महान न्यग्रोध उभा राहतो, असे पिता त्याला सांगतो. बोन्सायकार ही दिशा उलटी करतो, महान वृक्षाला तळहाताएवढ्या मातीकडे आणतो. मात्र त्यासाठी तो महान वृक्ष आधी पाहिलेला असावा लागतो. बंगळुरात गावोगावच्या अश्वत्थकट्ट्यांना शहराने वेढले, रस्तारुंदीत जुनी झाडे पडली. कुंडीतला उंबर पाखरांच्या थव्याला पोसत नाही, वाटसरूला सावली देत नाही. तो केवळ स्मरण देतो. ज्याचे स्मरण द्यायचे तोच नाहीसा झाला, तर पुढच्या पिढीच्या हाती कुशलतेने वाकविलेली एक फांदी तेवढी उरेल. तिच्यात वड ओळखणारा डोळा उरणार नाही. या कलेच्या प्रवर्तकांनी दिलेला खरा वारसा कात्री आणि तार हा नसून तो डोळा आहे.