खारपाणपट्ट्यातला रेडिएटर

"आपल्याकडे कुठे बर्फ पडते, राजेहो?" कूलंटचा विषय निघाला की वऱ्हाडात हे वाक्य हमखास येतं. मला वाटतं, सगळा घोळ नावात आहे. 1927 साली अमेरिकेत 'प्रेस्टोन' बाजारात आलं ते 'अँटिफ्रीझ' म्हणून, हिवाळ्यात रेडिएटर गोठून फुटू नये यासाठी. अकोल्यात मे महिन्यात पारा 45 च्या वर! तिथे गोठण्याची भीती कोणाला? मग आणा बादली, ओता पाणी.

पण पाणी कुठलं, हे कोणी विचारत नसे. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतली मिळून सुमारे नऊशे गावं खारपाणपट्ट्यात येतात. दर्यापूर-मूर्तिजापूरकडच्या विहिरीचं पाणी तोंडात घेऊन बघा, म्हणजे कळेल. लोकांनी पिढ्यान् पिढ्या तेच प्यायलं, शेताला दिलं, आणि गाडी आली तशी गाडीलाही पाजलं. (किडनीच्या आजारांच्या तक्रारी याच गावांतून येत राहिल्या. तो या लेखापेक्षा फार मोठा विषय आहे.)

मूर्तिजापूरहून सुटणाऱ्या शकुंतलेचं मँचेस्टरचं इंजिन 1921 सालचं. ते 1994 पर्यंत वाफेवर धावलं. वाफेच्या इंजिनवाल्यांना क्षारांचा धाक असायचाच, कारण बॉयलरला आतून थर धरला की उष्णता पुढे जात नाही. गाडीच्या रेडिएटरचंही तेच. पण मोटारीच्या मालकाला तो धाक कोणी घातलाच नाही. फोर्डच्या मॉडेल टी मध्ये सुरुवातीच्या काही गाड्या सोडल्या तर पाण्याचा पंपसुद्धा नव्हता. गरम पाणी आपोआप वर चढायचं, थंड खाली यायचं. अँबॅसेडर (1958 ते 2014) आणि फियाट, म्हणजे पुढची प्रीमिअर पद्मिनी, यांत पंप होता. मालकाची सवय मात्र बादलीचीच राहिली.

मग थर साचायचा, लोखंड गंजायचं. अमरावतीच्या एका जुन्या मिस्त्रींकडून ऐकलंय, रेडिएटरचा डाग सोडवून टाकी उघडायची आणि एकेका नळीतून पातळ सळई फिरवायची. निघायचा तो लालसर पांढरा गाळ! पितळ-तांब्याचा रेडिएटर असे लाड करून घ्यायचा. आजचे प्लॅस्टिकच्या टाकीचे ॲल्युमिनियम रेडिएटर सरळ बदलावे लागतात.

दुसरा देशी उपाय याहून वाईट. "थर्मोस्टॅटचा वॉल काढून टाका, भाऊ. इथं कायले पायजे तो?" परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना गाडी तापली की पुढच्या गॅरेजात हाच सल्ला. आपण इंजिनिअर लोकांनी जरा हिशोब करावा. इंजिनातलं पाणी 90 अंशांवर आणि बाहेर 25 असेल, तर उष्णता ढकलायला 65 अंशांचा फरक मिळतो. बाहेर 45 झाले की उरतात 45. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास ताकद गेली, त्यात अर्ध्या नळ्या बुजलेल्या. शिवाय चिखलदरा 1100 मीटरच्या आसपास, तिथे उघडं पाणी 96 अंशांनाच उकळतं. यात वॉलचा दोष काय? तो काढला की डिसेंबरच्या सकाळी इंजिन तापतच नाही, न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन काढतं आणि रिंगा झिजतात. गाडी 'धूर मारते' म्हणून बोंब होते ती दोन-तीन वर्षांनी, तोवर वॉल कोणाच्या लक्षात?

डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि हळूहळू हिरवं कूलंट माहीत झालं. निम्मं ग्लायकॉल, निम्मं शुद्ध पाणी असलं की उकळबिंदू सुमारे 107 वर जातो, झाकणाच्या दाबाने आणखी वर. पण वऱ्हाडासाठी त्यातला खरा माल म्हणजे गंजरोधक. तो काही वर्षांत संपतो. रंग मात्र तसाच राहतो, आणि आपण रंग बघून खूश! मिश्रणाला डिस्टिल्ड वॉटर घ्यावं, विहिरीचं किंवा बोअरचं नाही. आणि झाकणाचं रबर कडक झालं असेल तर आधी ते बदला, पंपाला हात नंतर लावा. झाकण इंजिन थंड झाल्यावरच उघडा.