वगळलेले गाव : ‘द जंगल बुक’चा ग्रंथ, चित्रपट आणि वनकायदा

१

बालवाङ्मयातील एखाद्या अभिजात ग्रंथावर ॲनिमेशनपट निघाला, की समीक्षा बहुधा एकच प्रश्न विचारते : चित्रपट मूळ संहितेशी कितपत प्रामाणिक राहिला? या प्रश्नात ‘मूळ’ ते श्रेष्ठ आणि ‘रूपांतर’ ते दुय्यम ही श्रेणी आधीच गृहीत धरलेली असते. परिणामी चित्रपटावर उथळपणाचा ठपका ठेवला जातो आणि ग्रंथ मात्र चिकित्सेवाचून सुटतो.

सिंधुदुर्गातील वाचकाला ही मांडणी काहीशी परकी वाटण्यास कारण आहे. कुडाळजवळच्या पिंगुळी येथील ठाकर कलावंतांच्या चित्रकथी परंपरेत एका आख्यानाच्या चित्रसंचालाच ‘पोथी’ म्हणतात. तेथे चित्र हे ग्रंथाचे रूपांतर नसते, चित्र हाच ग्रंथ असतो. चित्र स्थिर राहते आणि निवेदकाची वाणी त्याला गती देते. कोणता प्रसंग विस्ताराने सांगायचा आणि कोणता ओलांडून पुढे जायचे, हे निवेदक ठरवतो. अशा परंपरेत ‘मूळ बिघडवले काय?’ या प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाही. ‘या कथनाने काय सांगितले आणि काय वगळले?’ हा प्रश्न मात्र अर्थपूर्ण ठरतो. रडयार्ड किपलिंग यांचे ‘द जंगल बुक’ (१८९४) व ‘द सेकंड जंगल बुक’ (१८९५) आणि त्यांवर आधारलेला वॉल्ट डिस्ने यांच्या संस्थेचा १९६७ चा ॲनिमेशनपट यांना हाच प्रश्न येथे विचारावयाचा आहे.

२

हे ग्रंथ मराठी वाचकाला वाटतात तितके दूरचे नाहीत. किपलिंग यांचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत झाला. त्यांचे वडील तेथील जे. जे. कलाशाळेत शिक्षक होते. पोर्तुगीज कॅथॉलिक आया आणि हिंदू नोकर यांच्या सहवासात आणि त्यांच्याच भाषेत या मुलाचे बालपण गेले. १८७१ मध्ये त्याला इंग्लंडमध्ये परक्या घरी ठेवण्यात आले. १८८२ मध्ये परतून त्यांनी लाहोर व अलाहाबाद येथे पत्रकारिता केली आणि १८८९ मध्ये भारत सोडला. मोगलीच्या कथा लिहिल्या गेल्या त्या अमेरिकेतील व्हरमाँट येथे. कथांची भूमी मात्र सिवनीच्या डोंगरांची आणि वैनगंगेच्या खोऱ्याची आहे. हीच वैनगंगा पुढे भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतून वाहते.

दोन्ही ग्रंथांत मिळून पंधरा कथा आहेत व त्यांपैकी आठ मोगलीच्या आहेत. या आठ कथांना एकत्र बांधणारे सूत्र हद्दपारीचे आहे. लांडग्यांची टोळी मोगलीला बाहेर काढते. तो गावात येतो, तेव्हा गाव त्याला दगड मारून हाकलते. दोन्ही भाषा येणारा हा मुलगा दोन्हीकडे परका ठरतो. वयाच्या सहाव्या वर्षीच मुंबईच्या बोलीतून उचलला गेलेला लेखक हे लिहीत होता, हे विसरता येत नाही.

३

या सूत्राचे चित्रपटात काय झाले? प्रथम कथापट रचणारे बिल पीट यांनी ग्रंथातील काळोख बराचसा राखला होता. तो डिस्ने यांना रुचला नाही आणि १९६४ मध्ये पीट संस्था सोडून गेले. पुढील लेखकांना मूळ ग्रंथ वाचू नका असेच डिस्ने यांनी सुचविले होते, हे त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर सांगितले आहे. वोल्फगांग रायटरमन यांच्या दिग्दर्शनाखाली पूर्ण झालेल्या चित्रपटात संघर्षाची जागा भेटींच्या मालिकेने घेतली. बालू हा ग्रंथात जंगलाचा कायदा शिकविणारा कठोर गुरू आहे, येथे तो मौजेचे तत्त्वज्ञान सांगणारा सोबती होतो. मोगलीला वाचविणारा ‘का’ हा अजगर येथे त्याच्यावर टपलेला आहे. जंगलाचा मौनी अधिपती हाथी येथे ब्रिटिश कर्नलाचे विडंबन होतो.

बंदरलोगांबाबतचा बदल अधिक सूचक आहे. राजा नसणे, कायदा नसणे, स्मृती नसणे हीच ग्रंथात त्यांची व्याख्या आहे. चित्रपटाने त्यांना किंग लुई हा राजा दिला आणि तोही ओरांगउटान, म्हणजे भारतात न आढळणारा प्राणी. ज्या समूहाची ओळख अराजक ही होती त्याला राजा मिळाला, याचा अर्थ ‘कायदा’ ही संकल्पनाच या चित्रपटाला अनावश्यक झाली.

सर्वांत मोठा लोप गावाचा आहे. चित्रपटात गाव येते ते शेवटी, आणि तेही पाण्याची कळशी घेतलेल्या एका मुलीच्या रूपाने. गावात माणसे नाहीत, वाद नाहीत, जमीन नाही. मोगली तिच्यामागून आत जातो आणि प्रश्न सुटतो. ग्रंथातला प्रश्न मात्र तो आत गेल्यावरच सुरू होत होता.

४

येथपर्यंतचे विवेचन ग्रंथाच्या बाजूने जाते. परंतु किपलिंग यांचे गाव कसे आहे, हे पाहिल्यावाचून थांबणे योग्य होणार नाही.

हे गाव जातीने बांधलेले आहे. चिखलात रुतलेले कुंभाराचे गाढव मोगली ओढून काढतो, तेव्हा पुजारी त्याला बोल लावतो. शिकारी बलदेव पारावर बसून थापा मारतो आणि मोगलीने मारलेल्या वाघाच्या कातड्यावर सरकारी बक्षिसाच्या शंभर रुपयांसाठी हक्क सांगतो. पुढे ‘लेटिंग इन द जंगल’ या कथेत मेसुआ आणि तिचा नवरा यांना चेटूक करणारी ठरवून जाळण्याची तयारी होते. ती दोघे पळतात ती कान्हीवाड्याला, कारण तेथे इंग्रज आहेत आणि इंग्रज पुराव्यावाचून माणसे जाळू देत नाहीत. त्यानंतर मोगलीच्या सांगण्यावरून हाथी आणि त्याचे तीन पुत्र गावावर चालून जातात. पिके, धान्य, घरे यांतले काही उरत नाही, पावसाळ्यानंतर तेथे रान माजते.

जातीचे आणि अंधश्रद्धेचे हे चित्र खोटे म्हणता येणार नाही. प्रश्न आहे तो त्या चित्राने कोणता निष्कर्ष साधला जातो याचा. न्याय कान्हीवाड्याला आहे, कायदा जंगलाला आहे, गावाकडे यांपैकी काहीच नाही. म्हणून ते नाहीसे होण्यात अन्याय नाही. याला पूरक पुरावा ‘इन द रुख’ (१८९३) या कथेत मिळतो. जंगल बुकांच्या आधीच प्रसिद्ध झालेल्या या कथेतील मोगली प्रौढ आहे आणि तो सरकारी वनखात्याच्या चाकरीत शिरतो, निवृत्तिवेतनाच्या आश्वासनासह. दोन्हीकडून हद्दपार झालेल्या मुलाला लेखकाने आधीच घर देऊन ठेवले होते : वनखाते.

५

१८७८ च्या वनकायद्याने राखीव वनांत गावकऱ्यांच्या वहिवाटीला ‘हक्क’ न मानता बहुतांशी ‘सवलत’ मानले. मुंबई इलाख्यात ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील असंतोष एवढा वाढला, की १८८५ मध्ये सरकारला वन आयोग नेमावा लागला. त्याही आधी, १८८३ मध्ये, जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण झाला होता. रानातली फळे, पाने, फुले, सरपण आणि गायरानातली चार जनावरे यांवर लहान शेतकरी कसा तगत असे आणि डोंगर-गायराने वनखात्यात घेतल्याने त्याचे काय झाले, हे फुले यांनी त्यात मांडले आहे.

किपलिंग यांच्या ग्रंथाशेजारी फुले यांची संहिता ठेवली, की दोहोंतील भेद उघड होतो. फुले यांनाही गावातील पुरोहितशाही दिसते. तिच्यावरील त्यांची टीका किपलिंग यांच्याहून कितीतरी तीव्र आहे. परंतु त्या टीकेच्या आधारे ते रान गोऱ्या अधिकाऱ्याच्या स्वाधीन करीत नाहीत. भट-कामगार आणि युरोपियन अधिकारी या दोघांनाही ते एकाच वेळी जाब विचारतात. किपलिंग यांनी यांपैकी एकालाच जाब विचारला. डिस्ने यांच्या चित्रपटाने कोणालाच विचारला नाही. ग्रंथात गाव हत्तींकडून उद्ध्वस्त होते, चित्रपटात उद्ध्वस्त होण्यापुरतेही ते शिल्लक नाही. या अर्थाने चित्रपट ग्रंथाशी अप्रामाणिक नाही. ग्रंथाने आरंभिलेले काम त्याने हसतखेळत पूर्ण केले, असेच म्हणावे लागते.

६

मराठी मुलांच्या पिढ्यांना मोगली प्रथम भेटला तो बहुधा पडद्यावर. निप्पॉन ॲनिमेशनची बावन्न भागांची जपानी मालिका (१९८९) हिंदीतून १९९३ मध्ये दूरदर्शनवर आली. गुलजार यांचे शीर्षकगीत आणि शेरखानला लाभलेला नाना पाटेकर यांचा आवाज यांमुळे ती घराघरांत आपलीशी झाली. या आपलेपणात अयोग्य काहीच नाही. अयोग्य आहे ते समीक्षेचे ‘चित्रपट सोडा, ग्रंथ वाचा’ असे सांगून थांबणे. सातबाऱ्यावरील वनसंज्ञेची नोंद किंवा आंबोली, चौकुळ, गेळे येथील कबुलायतदार-गावकर जमिनींचा प्रश्न ज्या जिल्ह्यात वर्षानुवर्षे चर्चेत राहिला, तेथील विद्यार्थ्याला ‘जंगल कोणाचे?’ हा प्रश्न पुस्तकी वाटण्याचे कारण नाही. त्याच्या हाती केवळ मूळ ग्रंथ दिला, तर त्याच्याच गावाविरुद्धचा निकाल अभिजात म्हणून त्याला दिल्यासारखे होईल.

म्हणून चित्रपट, ग्रंथ आणि ‘असूड’ या तिन्ही संहिता एकत्र वाचावयास हव्यात. चित्रपटाने काय वगळले हे ग्रंथ दाखवितो, आणि ग्रंथाने काय वगळले हे फुले दाखवितात. रूपांतराच्या अभ्यासाला निष्ठेच्या मोजमापापलीकडे न्यायचे, तर तिसऱ्या संहितेची ही साक्ष टाळता येणार नाही. पहिल्या दोहोंमध्ये निवड करणे ही मराठी समीक्षेची गरज नाही. त्या दोहोंनी मिळून ज्याला कथेबाहेर ठेवले, त्या गावाच्या बाजूने बोलणे ही तिची जबाबदारी आहे.